साठांतली दहा कार्डं

रविवार, ८

काल स्पर्धेत जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. पुढेमागे कुणाला दाखवायची वेळ आली तर परक्या माणसालाही कळावं असं लिहिते आहे. मतं नंतर.

१. स्पर्धा फक्त तयार डेकची होती. कंपनी साठ कार्डांचा जो डेक खोक्यात भरून विकते, तोच खेळायचा. एकही कार्ड बदलायचं नाही. महागडी सुटी कार्डं घेणारे आणि न घेणारे एका पातळीवर यावेत म्हणून आमचा क्लब वर्षातून एकदा ही स्पर्धा घेतो.

२. वहिनी, म्हणजे माझ्या दादाची बायको, पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्या.

३. तिसऱ्या फेरीआधी पंचांनी चिठ्ठ्या टाकून तीन डेक तपासायला घेतले. त्यांतला एक वहिनींचा.

४. पंचांनी डेक उभा धरून टेबलावर ठोकला. कार्ड झिजू नये म्हणून प्रत्येकावर प्लास्टिकची खोळ चढवतात, तिला स्लीव्ह म्हणतात. साठांपैकी दहा स्लीव्ह बाकीच्यांपेक्षा किंचित उंच निघाले.

५. ती दहा कार्डं उलटली. दहाही शक्तीची, म्हणजे ज्यांच्याशिवाय बाकीची कार्डं खेळताच येत नाहीत ती. शक्तीचं कार्ड केव्हा येणार हे ज्याला पाठीकडून कळतं, तो सहसा हरत नाही.

६. पंचांनी विचारलं, "स्लीव्ह कोणी लावले?" वहिनी म्हणाल्या, "मीच."

७. खुणेची कार्डं वापरल्याचा ठपका ठेवून त्यांना स्पर्धेतून काढलं. वर्षभराची बंदी घालायची की नाही, हे पंच शनिवारी, २१ तारखेला ठरवणार.

८. मी शेजारच्या टेबलावर होते. काही बोलले नाही.

९. स्लीव्ह मी लावले होते.

सोमवार, ९

मागचं थोडं लिहायला हवं, नाहीतर कालचं अर्धवट वाटेल.

दादा आणि मी नऊ वर्षं शनिवारी संध्याकाळी खेळतो आहोत. वह्या-पेनांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सहा टेबलं आहेत, तोच क्लब. दादा मला मायक्रॉन म्हणतो. मी मापन प्रयोगशाळेत काम करते आणि घरीही मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून. हे नाव फक्त तो वापरायचा. आता वहिनीही वापरू पाहतात. एकदा म्हणाल्या, "मायक्रॉनताई म्हटलं तर चालेल?" मी म्हटलं, नको. तेव्हापासून त्या मुद्दाम "वन्सं" म्हणतात आणि हसतात. त्या सगळ्यालाच हसतात.

लग्नाला दीड वर्ष झालं. चार महिन्यांपूर्वी दादा म्हणाला, "हिला खेळायचंय. एखादा परवडणारा तयार डेक निवडून दे ना. तूच द्यायचा असं तिचं म्हणणं आहे."

तूच. म्हणजे दादाबरोबरचा शनिवारही माझ्याकडून काढून घ्यायचा होता, आणि तोही माझ्याच हाताने. क्लबात नवीन आलेल्या प्रत्येकाचा डेक मी निवडते. लोक खोक्यावरचं चमकणारं कार्ड बघून डेक घेतात आणि महिन्याभरात वैतागून सोडतात. मी तसं बघत नाही. आत एकच डाव असावा, अर्धवट तीन डाव नकोत. महत्त्वाची कार्डं एकेकच टाकलेली नसावीत, तीन-तीन असावीत, नाहीतर डेक कधी चालतो, कधी रुसतो. आणि पुढे हात आखडूनही सुधारता यावा. पाच-सहा साधी कार्डं बदलली की तो वर्षभर पुरला पाहिजे. किंमत कमी आहे म्हणजे स्वस्त आहे असं नव्हे. जो डेक तीन आठवड्यांत कपाटात जातो तो कितीलाही घेतला तरी महागच.

तेव्हा तीन डेक बेतात बसत होते. वणवा: सरळ चढाई, नवशिक्यासाठी उत्तम. तटबंदी: बचाव, थोडा कंटाळवाणा पण दगा न देणारा. आणि आरसेमहाल: समोरचा काय करतो ते लक्षात ठेवून तेच त्याच्यावर उलटवायचं. तो अनुभवी माणसालाही दमवतो.

मी आरसेमहाल दिला. कारण सांगितलं की याच्यातली कार्डं पुढे जास्त उपयोगी पडतात. कारण खरं होतं. मी खोटी कारणं देत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी त्याच डेकने मला हरवलं. दादाने टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" कुणाला काय म्हटलं होतं, कोण जाणे. नऊ वर्षांत मी जिंकल्यावर त्याने टेबलावर थाप मारल्याचं मला आठवत नाही. आठवत नसलं तरी कधी मारली नसेलच असं नाही, हेही लिहून ठेवते.

मंगळवार, १०

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही जातींचे स्लीव्ह मोजले: नवे त्याच खेपेचे दुकानातून आणले, जुने माझ्या स्वतःच्या डेकवरचे काढले. नव्या पाकिटातले ९१.० मिलिमीटर, जुन्यातले ९१.४. प्रत्येकी पाच वाचनं, फरक स्थिर. रंग एकच, कंपनी एकच, खेप वेगळी.

एका पाकिटात पन्नास स्लीव्ह येतात आणि डेक साठांचा असतो, हीच गोम आहे. दहा दुसऱ्या पाकिटातले घ्यावेच लागतात. म्हणून नियम असा की स्लीव्ह चढवण्याआधी कार्डं नीट पिसायची. मग ते दहा कुठेही पडले तरी त्यांना अर्थ राहत नाही. खोक्यातून आलेला डेक क्रमाने लावलेला असतो, शक्तीची कार्डं सगळ्यांत शेवटी. तसाच लावत गेलं तर शेवटचे दहा स्लीव्ह शेवटच्या दहा कार्डांवर बसतात.

हे मी क्लबात निदान वीस जणांना शिकवलं आहे. तीन मिनिटांचं काम.

बुधवार, ११

आईचा फोन.

"काय गं, काय झालं म्हणे त्या तुमच्या पत्त्यांत?"

"पत्ते नाहीत आई. कार्डं."

"तेच ते. सूनबाई रडली का?"

"नाही. हसल्या."

"हसली म्हणजे जास्त लागलंय तिला. तू होतीस ना तिथे? काही बोललीस का?"

"मी काय बोलणार?"

"तेच विचारतेय. तू गप्प बसलीस की मला धडधडतं. लहानपणी काचेचं भांडं फुटलं की तू अशीच गप्प बसायचीस, आणि दादा उगाच धपाटे खायचा."

मी म्हटलं, मला काम आहे. काम होतंच.

गुरुवार, १२

दादा प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा होता. एकटा. मला एकट्याने भेटायला तो शेवटचा कधी आला होता ते मी मनात मोजलं: अकरा महिने. आम्ही समोरच्या उपाहारगृहात बसलो. त्याने दोन कॉफ्या मागवल्या आणि स्वतःची तशीच ठेवली.

"मायक्रॉन, तुला हे सगळं कळतं म्हणून विचारतो. चुकून होतं का असं? दहाच्या दहा एकाच जातीची?"

"होऊ शकतं."

"म्हणजे मुद्दामही होऊ शकतं."

"तेही होऊ शकतं."

"ती म्हणते मीच लावले. कधी लावले, कुठे लावले, विचारलं तर विषय बदलते. माझ्यासमोर हे नवे लावत बसलेली मी तिला पाहिली नाही. मग चोरून लावले का? असं कशाला करेल ती? जिंकायचं वेड आहे असंही नाही." मग खाली बघून म्हणाला, "तुला काय वाटतं? तिने मुद्दाम केलं असेल?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

त्याने गार कॉफी एका घोटात संपवली. निघताना म्हणाला, "बरं वाटलं तुझ्याशी बोलून. फार दिवसांनी असं बोललो."

मलाही बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण दैनंदिनीत गाळायचं तर लिहायचीच कशाला? त्याच्या कपाळावर वहिनींमुळे आठी पडली आणि मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

शनिवार, १४

क्लबात गेले. दादा आला नाही. वहिनी येणार नव्हत्याच. सहाही टेबलं भरली होती, फक्त माझ्या समोरची खुर्ची रिकामी.

औषधांचा दुकानवाला, जो काल-परवापर्यंत वहिनींकडून हरत होता, कार्डं पिसताना मोठ्याने म्हणाला, "त्यांना आता डोळ्यांवर पट्टी बांधून बसवा. बोटांनी दिसतं त्यांना."

सगळे हसले.

"चष्म्याच्या दुकानात आहेत ना त्या? मग बरोबर आहे. दुसऱ्याला चष्मा, आपल्याला बोटं."

पुन्हा हसले. पंच हसले नाहीत. ते दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात आणि कुठल्याही वस्तूकडे ती आता पडणार असल्यासारखं बघतात. मला म्हणाले, "तुमच्या घरची गोष्ट आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. काही सांगायचं असेल तर लेखी द्या. २१ च्या आत. तोंडी मी काही धरत नाही."

मी मान हलवली.

चार महिने मला हाच शनिवार हवा होता, वहिनींशिवायचा. मी त्या खुर्चीसमोर चाळीस मिनिटं बसले, माझा डेक दोनदा पिसला आणि निघाले.

रविवार, १५

डेक माझ्याकडे कसा आला ते अजून लिहिलेलं नाही. टाळते आहे हे उघड आहे.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी वहिनी माझ्या खोलीवर आल्या. हातात आरसेमहालचं खोकं. म्हणाल्या, "वन्सं, स्पर्धेला डेक नवा दिसायला हवा म्हणतात. मी पहिल्या खेपेला लावलेले स्लीव्ह बघा, गबाळ्यासारखे झालेत. सगळे काढून, कार्डं खोक्यातल्या यादीप्रमाणे लावून, मोजून आणलीत. साठ आहेत. तुम्ही लावता तसे लावून द्याल? तुमच्या भावाला सांगू नका, तो म्हणेल स्वतः शीक."

तुमच्या भावाला. मी म्हटलं, ठेवा.

त्या बसल्या नाहीत. खरं म्हणजे दारात जरा रेंगाळल्या. भिंतीवरच्या माझ्या मोजपट्ट्यांकडे बघून काहीतरी विचारणार होत्या, पण मी खोकं उघडलं होतं.

त्या गेल्यावर मी लावायला घेतलं. कार्डाचा खालचा कोपरा आधी, मग सरकवायचं, मग अंगठ्याने हवा काढायची. एकवीस-बावीस कार्डं झाली तेव्हा दादाचा फोन आला. नऊ दिवसांनी. मी पहिल्याच घंटेला उचलला.

"ती आहे का गं तिथे? तिचा फोन लागत नाहीये."

"आत्ताच गेल्या."

"बरं. कशाला आली होती?"

"असंच."

"ठीक. ठेवतो."

एवढंच. मग मी पन्नासपर्यंत लावले. पाकीट संपलं. खणातून जुनं काढलं, त्यात नेमके दहा उरले होते. पहिला चढवला आणि अंगठ्याला कड लागली.

मला असं लिहायला आवडलं असतं की मी पिसायला विसरले. पण विसरलेलं माणूस अंगठा दोनदा फिरवून बघत नाही.

सोमवार, १६

कामावरून सुटल्यावर वहिनींच्या दुकानात गेले. माझ्या चष्म्याची दांडी ढिली होतीच, तो बहाणा नव्हता. म्हणजे निव्वळ बहाणा नव्हता.

दुकान लहान आहे. तीन बाजूंना आरसे, मध्ये उंच स्टूल. एका म्हातारबुवांना वहिनी चष्मा बसवून देत होत्या. त्यांच्या बुबुळांमधलं अंतर मोजलं, लिहिलं, पुन्हा मोजलं. म्हातारबुवा म्हणाले, "अहो, पहिल्यांदाच बरोबर असेल की." वहिनी म्हणाल्या, "अर्धा मिलिमीटर चुकला तर डोकं तुमचं दुखतं आजोबा, माझं नाही. बसा गुपचूप." ते गुपचूप बसले.

तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी लावली तेव्हा मला काहीतरी कळायला लागलं होतं.

माझी पाळी आली. "या वन्सं. नाक वर. डावी दांडी वाकलीय. कधीपासून घालताय असं?"

"दोन महिने."

"आणि बाकी जगाची मापं काढत हिंडता." त्यांनी दांडी मऊ व्हायला गरम वाळूच्या भांड्यात धरली.

मी आरशात त्यांच्याकडे बघून विचारलं. समोरासमोर विचारलं नाही. "पंचांना 'मीच' असं का म्हणालात?"

"मग काय, तीस माणसांत माझ्या नणंदेने केलं म्हणू? तुम्ही शेजारीच होतात. म्हटलं, चूक लक्षात आली की तुम्हीच बोलाल. नाही बोललात, तेव्हा म्हटलं, कामाच्या ठिकाणी अडचण होत असेल, मोजमापवाल्या बाईने मापात चूक केली म्हणून. माझं काय, मी नवखी. नवख्याला लोक चार दिवस हसतात."

"वर्षाची बंदी लागेल."

"लागेल. तुमचा भाऊ दोन शब्द नीट बोलत नाहीये, ते जास्त जड जातंय." दांडी वाळूतून काढून त्या वाकवू लागल्या. "काल विचारत होता, खरं सांग. मी म्हटलं, सांगितलंय. तर म्हणाला, मायक्रॉनलाही सांगता येत नाही म्हणते."

मी आरशातली नजर वाळूच्या भांड्याकडे वळवली.

"असं म्हणालात तुम्ही?"

"हो."

"अच्छा." त्यांनी चष्मा माझ्या नाकावर ठेवला, कानामागे बोट घालून पाहिलं. "दुखतंय?"

"नाही. वहिनी, ते दहा उंच आहेत हे तुम्हाला आधी दिसलं होतं का?"

"अर्ध्या मिलिमीटरवर पोट भरते मी. शुक्रवारी डेक परत दिलात तेव्हाच दिसलं."

"मग बदलले का नाहीत?"

"तुम्ही लावलेले होते ना." एवढं म्हणून त्या थांबल्या, जणू यात सांगण्यासारखं काय आहे. मग म्हणाल्या, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलंत. ते उपसून मी परत लावायचे? वाटलं, पिसल्यावर काय फरक पडतो. दहाही शक्तीची आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते शिकवायला तुम्ही बसलात कुठे माझ्याबरोबर? दर शनिवारी वाट बघायचे. तुमचा भाऊ शिकवतो, पण त्याला निम्मं येत नाही, हे तुम्हाला माहितेय."

बाहेरून एक बाई मुलीला घेऊन आल्या. वहिनी त्यांच्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "हलवून बघा मान. पडत नाही ना? जा आता."

मंगळवार, १७

सकाळपासून एकही माप सरळ आलेलं नाही. दोन प्रमाणपत्रं परत लिहावी लागली.

मला वाटत होतं, मला वहिनींचा मत्सर दादावरून आहे. तो आहेच. पण काल दुकानातून चालत येताना जे टोचत होतं ते वेगळं होतं. दुसऱ्याने वाकडं लावलेलं दिसत असूनही तसंच राहू द्यायचं, कारण ते त्या माणसाने लावलं आहे. मला हे जमत नाही. कुणाकडून असं मिळालं तर ओळखताही येत नाही. त्यांना ते सहज येतं, आणि याचाही मला हेवाच वाटला. चांगुलपणा समोर दिसला तरी माझ्या हातात हेवाच येतो, ही माझी मोठी खोट.

पंचांना द्यायचं पत्र दुपारी लिहून झालं, एक पान. वहिनींचं पत्र तीनदा लिहिलं. शेवटचा मसुदा इथे उतरवून ठेवते. उद्या सकाळी कामावर जाताना दुकानात देईन.

वहिनी,

तुम्ही काल म्हणालात की माझी चूक झाली असेल. तुमचा तो समज मला तसाच ठेवता येणार नाही. एक्कावन्नावा स्लीव्ह चढवतानाच मला फरक कळला होता. कार्डं पिसायला तीन मिनिटं लागली असती. मी पिसली नाहीत. त्या वेळी मला तुमचा राग होता. तुम्ही काही केलं होतं म्हणून नव्हे, दादाने फोन तुमच्यासाठी केला होता म्हणून. तपासणी होईल आणि तुम्ही पकडल्या जाल असा विचार मी केला होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ठाम "नाही" म्हणता येत नाही.

डेकही मी तुम्हाला अवघड जाईल म्हणूनच निवडला होता. वणवा द्यायला हवा होता. तुम्ही आरसेमहाल चांगला खेळता यात माझा काही वाटा नाही.

पंचांना लेखी देते आहे. ते शनिवारच्या आत त्यांच्या हातात असेल. बंदी मला लागेल आणि ते बरोबर असेल. त्याबद्दल तुम्ही काही करू नका.

राहिला दादा. त्याने मला विचारलं, तेव्हा मी "सांगता येत नाही" म्हणाले. सांगता येत होतं. हे त्याला कळायलाच हवं आणि लवकर कळायला हवं, कारण तोपर्यंत तो तुमच्याशी जसा वागतो आहे त्याची जबाबदारी माझी आहे. मी आजच त्याला फोन केला असता. पण पहिल्यांदा तुम्हाला न विचारता केलं तर तेही मी आपल्याच सोयीने केल्यासारखं होईल. मी एकटीने त्याला सांगावं, तुम्ही समोर असताना सांगावं, की तुम्हीच सांगणार आहात, हे तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तसं करीन. यांतलं काहीच नको, मला भेटायचंच नाही, असं म्हणालात तरी मी त्याला सांगेन, आणि तुमच्यापासून लांब राहीन.

गुरुवारी, १९ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर कळवा.